एकोणिसावा कपडा

मातीची तब्येत पाहायची आमच्या संस्थेची एक सोपी पद्धत आहे. पांढऱ्या सुती कापडाचा वीतभर तुकडा शेतात वीतभर खोल पुरायचा, वर काठी रोवून नंबर लिहायचा आणि दोन महिन्यांनी उकरून पाहायचं. माती जिवंत असेल तर तिच्यातले जीवजंतू कापड खाऊन टाकतात, हातात चिंध्या येतात. माती मेली असेल तर कापड जसंच्या तसं निघतं. प्रयोगशाळेचा कागद शेतकऱ्याला वाचता येत नाही अशी आमची समजूत आहे. चिंधी सगळ्यांना वाचता येते.

मी या संस्थेत मृदा-संवर्धन तंत्रज्ञ आहे. नाव श्रीधर, वय अठ्ठेचाळीस, शिक्षण बी.एस्सी. कृषी. वाकता येणं ही अट जाहिरातीत नव्हती, पण कामाला तीच लागते. माझ्याकडे आंजी मोठीच्या पुढे, आत सहा किलोमीटरवरचं एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावाने काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं.

दोन ऑक्टोबरला आम्ही त्या गावात एकोणीस शेतांत कापडं पुरायची ठरवली. वर्धा जिल्ह्यात कुठल्याही उपक्रमाचा आरंभ दोन ऑक्टोबरलाच होतो. त्या दिवशी आरंभ झाला की शेवटाची चौकशी सहसा कोणी करत नाही. खादी भांडारातून कापड मी स्वतः आणलं, एकोणीस तुकडे स्वतः कापले. त्यातला एक आमच्या प्रकल्प व्यवस्थापक नंदिनी मॅडमनी उद्घाटनाच्या फोटोसाठी हातात धरला आणि तसाच हातात धरून त्या गाडीत बसून नागपूरला गेल्या.

हे माझ्या लक्षात आलं संध्याकाळी साडेपाचला, शेवटच्या शेतात, जयवंताबाईंच्या वावरात.

जयवंताबाईंबद्दल आधी सांगायला हवं. वय पंचावन्नच्या आसपास. नवरा किसनराव, मुलगा कैलास पुलगावला नोकरीत. सात एकर वावर, त्यातलं दोन एकर तीन वर्षांपूर्वी किसनरावांनी बायकोच्या हवाली केलं. आपण होऊन नाही. मी गावात येऊन मातीतल्या जीवजंतूंवर दीड तास बोललो होतो. पुरुष मंडळी उठून गेली आणि जयवंताबाई बसून राहिल्या. घरी जाऊन त्यांनी दोन एकर मागितलं. तणनाशक मारायचं नाही, कापूस वेचून झाल्यावर उभ्या पऱ्हाट्या जाळायच्या नाहीत, बारीक करून मातीतच जिरवायच्या, शेणखत घालायचं. किसनराव म्हणाले होते, "कर बाप्पा. तीन वर्षं तुह्यं. मंग साहेब जे म्हणन थे फायनल."

साहेब म्हणजे मी. तीन वर्षं त्या मला भाऊ म्हणत होत्या. तीन वर्षं मी दर मंगळवारी त्यांच्या बांधावर चहा पीत होतो आणि सांगत होतो की माती सुधारते आहे, धीर धरा. आता तिसरं वर्ष संपत आलं होतं. यंदाचा कपडा म्हणजे त्यांचा निकाल होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

त्या संध्याकाळी त्यांनी खड्डा आधीच करून ठेवला होता. वीत मोजलेली, कडा खुरप्याने सरळ केलेल्या. लोक बोअरला एवढं नीट खोदत नाहीत. मी पिशवी उलटी केली. रिकामी.

"काऊन भाऊ, सरला का कपडा?"

"आहे ना," मी म्हणालो आणि मोटारसायकलकडे गेलो.

गाडीच्या पेटीत गाडी पुसायचं फडकं होतं. पांढरं, धुतलेलं. चाकूने त्यातला चौकोन कापला आणि घेऊन आलो. "हा जरा वापरलेला आहे," मी म्हणालो.

"वापरलेला मऊ असते. माती लवकर घेईन," जयवंताबाई म्हणाल्या. त्यांनी तो दोन्ही हातांनी खड्ड्यात ठेवला, पसरला, कोपरे सरळ केले, आणि वरून माती अशी लोटली की जणू कोणाला पांघरूण घालत होत्या. मी काठीवर १९ लिहिलं.

आता इथे मला सांगायचं आहे की तो कपडा सुती आहे असं मला वाटलं. पुष्कळ दिवस मी हे वाक्य मनात घोळवलं. ते टिकत नाही. ते फडकं म्हणजे माझी मुलगी इला हिचा शाळेचा जुना शर्ट होता, आणि ते गाडीवरचं दव पीत नाही, नुसतं इकडचं पाणी तिकडे करतं, अशी तक्रार मी घरी रोज सकाळी करत होतो. बायकोने एकदा सांगितलंही होतं, "टेरिकॉट आहे ते. पाणी कसं पिईल?" माझं शिक्षण मातीचं आहे. टेरिकॉट म्हणजे बहुतांशी पॉलिएस्टर, ते मातीत कुजत नाही हे समजायला तेवढंही लागत नाही. फक्त साडेपाच वाजले होते, वर्ध्याला परत जायला पाऊण तास होता, आणि दुसऱ्या दिवशी एका कपड्यासाठी पुन्हा यायचा मला कंटाळा आला होता. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

पाच डिसेंबरला मृदा दिन. एकोणीस शेतांतले कपडे आदल्या दिवशी ज्याचे त्याने उकरायचे, झटकून आणायचे आणि जिल्हा परिषद शाळेच्या मैदानात दोरीवर लावायचे, अशी नंदिनी मॅडमची कल्पना. प्रत्येक कपड्याखाली शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी. कल्पना चांगली होती. लांबून ते एखाद्या अत्यंत गरीब कुटुंबाच्या धुण्यासारखं दिसत होतं. नत्थूजींचा कपडा म्हणजे चार धागे. प्रेमदासच्या कपड्याला एवढं भोक की त्यातून त्याने डोकं घालून फोटो काढला. पहिली अठरा शेतं, अठरा चिंध्या. गाव खूष होतं. खरं म्हणजे त्यातली अर्धी माती मध्यम होती. पण सुती कापड दयाळू असतं.

एकोणिसावा कपडा पांढरा होता. थोडा मातकट, जरा विरळ, पण चारही कोपरे जागेवर.

जयवंताबाईंनी तो स्वतःच आणून लावला होता. लपवता आला असता. त्यांनी लपवला नाही.

"हे वावर नाई राजेहो, लाँड्री हाय," कोणीतरी म्हणालं.

"काकू, पोराचा ड्रेस पुरायले देऊ का? निळीत काढून देजो."

"डाग जाते का पण? तेलाचा हाय."

हसणं मोठं नव्हतं. मोठं असतं तर संपलं असतं. प्रेमदास, ज्याचं वावर जयवंताबाईंच्या धुऱ्याला लागून आहे, तो म्हणाला, "तीन वर्षं शेण वाह्यलं वहिनीनं. मातीले शेणाचा वास येते, पण भूक नाई." किसनराव दोरीजवळ गेले, कपड्याला दोन बोटांनी हात लावला, ताणून पाहिला आणि सोडला.

गावच्या सरपंच मीराबाई आहेत. बोलतात त्यांचे यजमान नत्थूजी. नत्थूजींनी माइक माझ्याकडे दिला. "साहेब, याचा अर्थ काय होते थे सांगा."

जयवंताबाई माझ्याकडे पाहत होत्या. रागाने नाही. डॉक्टरकडे पाहतात तसं.

"काही जमिनींना वेळ लागतो," मी म्हणालो.

हे वाक्य खोटं नव्हतं. ते कुठल्याही जमिनीला लागू होतं. म्हणूनच ते माझ्या तोंडी तयार होतं. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर बाकीच्या चिंध्या मी पाकिटात भरल्या. एकोणिसावा मागायला गेलो तर जयवंताबाईंनी तो घडी करून पदराखाली धरला होता.

"माह्यं धुणं हाय, साहेब. मी नेतो."

साहेब. मी त्या दिवशी भाऊचा साहेब झालो. बढती अशी कधी मिळाली नव्हती.

घरी बायकोने, शरयूने, फोनवरचे फोटो पाहिले. ती शाळेत आठवीला शिकवते. फोटोत तिला आधी चुका दिसतात.

"हा इलाचा शर्ट आहे."

"कशावरून?"

"खिशावरून." तिने फोटो मोठा केला. कपड्याच्या एका कोपऱ्याला सुईच्या बारीक भोकांची रांग होती, उसवलेल्या खिशाची. मैदानातल्या दोनशे माणसांना ती दिसली नव्हती. "तुम्ही हा पुरलात?"

मी सांगितलं. ऐकून तिने पदराने चष्मा पुसला. तिचा पदर सुती असतो.

"म्हणजे त्या बाईंना तुम्ही वर्गासमोर उभं केलंत," ती म्हणाली, "आणि चूक प्रश्नपत्रिकेत होती."

"सांगतो त्यांना."

"कधी?"

सांगणारच होतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कापसाची वेचणी जोरात होती. अशा वेळी शेतकऱ्याचा वेळ घेऊ नये असं आमच्या मार्गदर्शिकेत लिहिलं आहे. तिसऱ्या आठवड्यात माझी पाठ धरली. चौथ्या आठवड्यात नाताळ होता. नाताळ मी आयुष्यात कधी पाळला नाही. त्या वर्षी पाळला.

मधल्या एका मंगळवारी मात्र मी गेलो. बांधावर कोणी नव्हतं. वाकून जयवंताबाईंच्या पऱ्हाटीखालची मूठभर माती उचलली. शिजलेल्या भातासारखी ती बोटांतून सुटी पडली. तळहाताएवढ्या ढेकळात तीन गांडुळं. नंतर धुऱ्यापलीकडे प्रेमदासच्या वावरात जाऊन तीच मूठ उचलली. ती दगडासारखी होती, बोटाला खरचटलं. म्हणजे आता मला नुसता कपडा खोटा आहे एवढंच ठाऊक नव्हतं, माती खरी आहे हेही ठाऊक झालं. अडाणीपणाची जी थोडी सावली उरली होती, ती मी स्वतः जाऊन तोडून आलो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेलो. किसनरावांच्या अंगणात खाटेवर प्रेमदास आधीच बसला होता. मला खुर्ची मिळाली. जयवंताबाईंनी स्टीलच्या ताटलीत तिळगूळ आणला आणि माझ्यासमोर धरला.

"घ्या साहेब. बोला."

मधला शब्द त्यांनी गाळला की राहून गेला, हे मी तेव्हा तपासलं नाही. मी लाडू घेतला. तो कडक होता, आणि तोंडात कडक लाडू असताना बोलता येत नाही, या गोष्टीचा मी पुरेपूर फायदा घेतला.

तेवढ्यात किसनराव म्हणाले, "साहेब आले थे बरं झालं. तुमच्यासमोरच होऊन जाऊ दे. हे दोन एकर मी पाडव्यापासून प्रेमदासले मक्त्यानं देऊन राह्यलो. तीन वर्षांसाठी. हिची कंबर गेली शेण वाहू वाहू, आन कपडा तं जसाच्या तसा. फायनल म्हणजे फायनल."

"मी पह्यले तणनाशक मारीन," प्रेमदास म्हणाला. "गंज तण माजवलं वहिनीनं."

जयवंताबाई ताटली धरून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या किसनरावांकडे पाहत नव्हत्या, प्रेमदासकडेही नाही.

"काय साहेब, बरोबर हाय ना?" किसनरावांनी विचारलं.

लाडू संपला होता. तोंड रिकामं होतं. मी म्हणालो, "तुमच्या घरचा प्रश्न आहे."

किसनरावांनी प्रेमदासचा हात हातात घेतला. आमच्याकडे कागद नंतर होतो, कधी होतही नाही. चारजणांसमोर हातात हात दिला की जबान झाली. त्या दिवशी आम्ही अंगणात बरोबर चारजण होतो. चौथा मी.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत प्रमाणपत्रं वाटायची होती. नंदिनी मॅडमनी नागपूरहून फ्लेक्स करून आणला. एका बाजूला नत्थूजींच्या चार धाग्यांचा फोटो, दुसऱ्या बाजूला जयवंताबाईंचा पांढरा कपडा, खाली नाव, आणि वर मोठ्या अक्षरांत: सेंद्रिय म्हणजे आपोआप सुपीक नव्हे. हा फ्लेक्स चार जिल्ह्यांत फिरणार होता. फ्लेक्स अर्थातच प्लास्टिकचा. तोही मातीत कुजला नसता.

"यात कोणाला कमी लेखायचं नाही," मॅडम शाळेच्या व्हरांड्यात माइकवर म्हणाल्या. "आपण यातून शिकायचं."

बायकांच्या रांगेत शेवटी जयवंताबाई बसल्या होत्या. त्यांना वाचता येतं. त्या आपलं नाव वाचत होत्या.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या वाट्याला आभारप्रदर्शन होतं. पंचवीस वर्षांत मी एवढे आभार मानले आहेत की तोंड आपोआप चालतं. सरपंच झाले, मुख्याध्यापक झाले, मंडपवाले झाले, आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला: "तसेच नमुना क्रमांक एकोणीसच्या बाबतीत, काही तांत्रिक कारणास्तव, वापरलेल्या साहित्याच्या गुणवत्तेत विसंगती राहून गेली, याची कृपया नोंद घ्यावी."

नत्थूजी म्हणाले, "साहेब, तुमी आभार मानून राह्यले का रिपोर्ट वाचून राह्यले?"

आणि तेव्हा मीराबाई बोलल्या. सरपंच झाल्यापासून सभेत पहिल्यांदाच, असं नंतर लोक म्हणाले. त्या खुर्चीत जरा पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "मराठीत सांगा जी."

मग मी मराठीत सांगितलं. की एकोणिसावा कपडा सुती नव्हता. माझा एक तुकडा कमी पडला होता. मी गाडी पुसायचं फडकं कापून पुरलं. ते टेरिकॉटचं होतं, ते कुठल्याच मातीत कुजलं नसतं. जयवंताबाईंची माती गावातल्या सगळ्यांत चांगल्या मातींपैकी आहे.

माइक चालू होता. माझा श्वास लाउडस्पीकरमधून बाहेर मारुतीच्या पारापर्यंत जात असणार.

मागून प्रश्न आला, "मंग आमचे अठरा काय होते साहेब? मच्छरदानीचे?" थोडे हसले. माझ्या हातातल्या अठरा प्रमाणपत्रांकडे लोक आता पाहत होते, आणि पाहण्याची तऱ्हा बदलली होती.

किसनराव उठून उभे राहिले. त्यांना बोलायला वेळ लागतो.

"तुमाले कवा समजलं?"

मी याचीच वाट पाहत होतो आणि हाच प्रश्न येऊ नये असंही वाटत होतं. "पुरला तेव्हाच," मी म्हणालो.

"मंजे दोरीवर होता तवा ठाऊक होतं."

"हो."

"संक्रांतीले माह्या अंगणात लाडू खाऊन राह्यले होते, तवा बी."

"हो."

"मी तुमाले इचारलं. बरोबर हाय ना, मनून."

"विचारलंत."

किसनरावांनी मान हलवली, दुकानदार वजन बघून हलवतो तशी, आणि प्रेमदासकडे वळले. प्रेमदास खांबाला टेकून बसला होता. त्याने आधीच विचार करून ठेवला होता.

"मले काऊन पाहता दादा? मी तं मेलेल्या मातीलेच हो म्हणलो होतो. जिवंत निघाली तं मले काऊन नको होईन?" तो म्हणाला. "जबान तं जबान हाय."

माझ्या खरं बोलण्याने त्या वावराची किंमत वाढली होती, आणि ती प्रेमदासची झाली होती. किसनराव खाली बसले. दिलेली जबान परत घेणारा माणूस त्यांच्या घराण्यात नव्हता, आणि ते पहिला व्हायला तयार नव्हते. जयवंताबाई उठल्या, फ्लेक्सजवळ गेल्या, खालच्या दोन कोपऱ्यांच्या दोऱ्या सोडल्या. वरच्या दोन त्यांच्या हाताला पोहोचत नव्हत्या. मी सोडल्या. आम्ही दोघांनी मिळून त्याची घडी केली. चादरीची करतात तशी, कोपऱ्याला कोपरा.

परतताना नंदिनी मॅडम गाडीच्या काचेतून म्हणाल्या, "श्रीधर, हे तुम्ही मला आधी सांगायचं होतं. आपण तो नमुना वगळला असता." मग त्यांनी तो वगळला. वार्षिक अहवालात अठरापैकी अठरा शेतांत माती जिवंत आहे. शंभर टक्के. जिल्ह्यात आमच्या प्रकल्पाचा पहिला नंबर आला. गावातली सगळ्यांत चांगली माती त्या अहवालात नाही, आणि जिने ती केली ती बाईही नाही. मला शाबासकीचं पत्र आलं. ते मी शरयूला दाखवलेलं नाही.

फेब्रुवारीत एका मंगळवारी मी गेलो. नेहमीच्या बांधावर नाही. तिथे पाडव्यानंतर प्रेमदास येणार होता. किसनरावांनी बायकोला नाल्याजवळचा दीड एकराचा बरड दिला होता. बरड म्हणजे मुरूम, गोटे आणि मधूनमधून माती. सात एकरांत सगळ्यांत वाईट तुकडा, पण दुसरा मोकळा नव्हता. किसनराव म्हणाले होते म्हणे, "तीन वर्षं तुह्यं. आता साहेबाले नाई इचारत."

जयवंताबाई गोटे वेचून घमेल्यात टाकत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत. मीही वाकून वेचू लागलो. अर्धा तास आम्ही वेचत होतो. घमेलं भरलं की त्या नाल्याच्या काठाला रिकामं करून यायच्या.

शेवटी मी म्हणालो, "जयवंताबाई, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"मले ठाऊक होतं."

"काय?"

त्या बाभळीखाली गेल्या, शिदोरीच्या फडक्याशेजारची पिशवी उघडली आणि पांढऱ्या कपड्याची घडी काढली. धुतलेली होती. काडेपेटी काढली. कपड्याच्या कडेचा एक धागा ओढून पेटवला. धागा वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. मग आपल्या लुगड्याच्या पदराचा एक धागा काढून पेटवला. तो जळला, आणि बोटांत चोळला तर राख.

"कपडा काढला थ्याच दिवशी पाह्यलं मी," त्या म्हणाल्या. "सरकी काढतच लहानाची मोठी झाली मी. सूत नाई वळखत का? कैलासच्या बाबाले म्हणलं, हा कपडाच खोटा हाय. तं थे म्हणे, नाचता येईना आंगण वाकडं. साहेबाचा कपडा खोटा कसा असंन." त्यांनी काडी विझवून जमिनीत खुपसली. "मंग मी वाट पाह्यली. साहेब स्वता सांगन म्हणलं. तुमचं आयकलं असतं त्यायनं."

"म्हणजे दोरीवर लावलात तेव्हाही..."

"तुमी पुरला, तुमीच वळखान, असं वाटलं."

मला कुठेतरी पाहायचं होतं म्हणून मी कपड्याची घडी उलगडून उजेडात धरली. आरपार दिसत होतं. आडव्या-उभ्या धाग्यांत जागा पडल्या होत्या, जाळीसारख्या. टेरिकॉटमध्ये तिसरा हिस्सा सूत असतं. ते त्यात उरलंच नव्हतं. दोन महिन्यांत त्यातलं एकूण एक सूत मातीने वेचून खाल्लं होतं. इतर अठरांत एकाही मातीने एवढं साफ खाल्लं नव्हतं.

मी हे सांगायला तोंड उघडलं.

"तेबी पाह्यलं मी," जयवंताबाई म्हणाल्या. "माह्या मातीनं आपलं होतं थे खाल्लं. तुमचं होतं थे ठेवलं."

त्यांनी कपडा माझ्या हातातून घेतला, पुन्हा घडी केली आणि परत माझ्या हातात दिला. "न्या. गाडीले लागन."

मग पुन्हा घमेलं उचललं. "आषाढात येजा. कपडा मी आणतो. पुरायच्या आधी जाळून पाहू, मंग पुरू." थोडं पुढे जाऊन म्हणाल्या, "थो मोठा गोटा राह्यला, साहेब. थो दोघाले उचलन."

आम्ही तो उचलला.

कपडा गाडीच्या पेटीत असतो. रोज सकाळी मी त्याने सीट पुसतो. पाणी पीत नाही, इकडचं तिकडे करतं. आता मी घरी तक्रार करत नाही. ओल्या सीटवर बसून वर्ध्याबाहेर पडतो, आणि आंजीपर्यंत पँट वाळते.